सीसी मिळाली, पण कोणती?

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत शेवटी ‘संक्षेप आणि त्यांची पूर्णरूपे’ अशी एक यादी हमखास असते. डावीकडे दोन-तीन अक्षरे, उजवीकडे त्यांचा विस्तार, आणि एका संक्षेपापुढे एकच विस्तार. परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण अशा याद्या घोकता घोकता एक समज मनात पक्का बसतो, की संक्षेपाचे पूर्णरूप ठाऊक असले की झाले. ‘सीसी’ ही दोन अक्षरे घेतली तर हा समज किती तोकडा आहे ते लगेच दिसते. गाडीच्या शोरूममध्ये ती इंजिनाचा आकार सांगतात, दवाखान्यात इंजेक्शनमधल्या औषधाचे माप, बँकेत व्यापाऱ्याचे खेळत्या भांडवलाचे खाते, तर ग्रामपंचायतीने लावलेल्या कामाच्या फलकावर सिमेंट काँक्रीटचा रस्ता. ईमेलमध्ये सीसी म्हणजे माहितीस्तव प्रत, यूट्यूबच्या पडद्यावर संवाद अक्षरांत दाखवणारे बटण, ग्राहक आयोगाच्या नोटिशीत तक्रारीच्या क्रमांकाआधीची खूण. आणि घरबांधणीच्या व्यवहारात तर तिचे दोन अर्थ आहेत, दोन्ही प्रमाणपत्रांचे, दोन्ही एकाच महापालिकेकडून मिळणाऱ्या कागदांचे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की एवढे अर्थ असले तरी कोणाची फसगत होत नाही, कारण संदर्भावरून माणसाला कळतेच. हा आक्षेप निम्मा खरा आहे. मोटारसायकल घ्यायला गेलेला माणूस दीडशे सीसीचा अर्थ दीडशे रस्ते असा लावत नाही. अर्थ एकमेकांपासून जितके दूर, तितका संदर्भ भरवशाचा. पण अर्थ जवळ आले, एकाच कार्यालयात, एकाच फायलीत, एकाच बोलणाऱ्याच्या तोंडी आले, की संदर्भ दोन्हींना सारखाच लागू पडतो आणि निवाडा करायला काही उरत नाही. गोंधळ होतो तो तिथे, आणि पैसा, प्रकृती किंवा हक्क अडकलेला असतो तोही बहुधा तिथेच. म्हणून दहा पूर्णरूपे पाठ करण्यापेक्षा समोरच्या कागदावर तीन गोष्टी पाहण्याची सवय जास्त उपयोगी: अक्षरे लिहिणारा कोण आहे, त्यांच्या शेजारी कोणता आकडा किंवा एकक आहे, आणि ती लागू कुठपर्यंत आहेत.

वाहनापासून सुरुवात करू, कारण तिथला सीसी सगळ्यांच्या परिचयाचा आहे आणि तरीही अर्धवट समजलेला आहे. घन सेंटीमीटर हे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या जेवढी जागा व्यापत वर-खाली होतो तिचे माप. ते ताकदीचे माप नव्हे. सारख्याच सीसीची दोन इंजिने वेगवेगळी ताकद देऊ शकतात. पण कायदा, कर आणि विमा या तिघांनी आपापल्या रेषा याच मापावर आखल्या आहेत. मोटार वाहन कायद्यानुसार १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला ५० सीसीपर्यंतचीच दुचाकी चालवता येते. आजच्या नेहमीच्या पेट्रोल स्कूटरची इंजिने ११० सीसीच्या आसपासची, म्हणजे ‘गिअर नसलेली आहे, चालते’ असे म्हणून अकरावीतल्या मुलाच्या हाती किल्ली देणारे पालक नेमका हा आकडा विसरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा पालकाला किंवा गाडीच्या मालकाला आहे: २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. थर्ड पार्टी विम्याचेही तेच. २०२२ साली अधिसूचित झालेल्या दरांत ७५ च्या वर १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये होते, १५० च्या वर ३५० पर्यंत १,३६६ आणि ३५० च्या पुढे २,८०४. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची रेषाही ३५० सीसीवरच आहे: तिच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. कंपन्या काही योगायोगाने ३४९ सीसीचे इंजिन बनवत नाहीत. तेव्हा टाकीवर रंगवलेला गोल आकडा हे मॉडेलचे नाव समजावे आणि हिशेब आरसी बुकातल्या आकड्यावर करावा. विजेच्या गाडीला सीसी नसतोच. तिची गणना किलोवॉटमध्ये होते, त्यामुळे ‘ही किती सीसीच्या बरोबरीची’ या प्रश्नाला विक्रेता जे उत्तर देतो ते त्याचे मत असते, आरसीवर ते कुठेही नसते.

दवाखान्यातला सीसी हाही घन सेंटीमीटरच, आणि एक सीसी म्हणजे बरोबर एक मिलिलिटर. मग अडचण कुठे येते? एक तर अक्षरात. घाईत लिहिलेले रोमन लिपीतले हे दोन ‘सी’ एकमेकांना चिकटले की ‘यू’सारखे दिसतात, आणि औषधशास्त्रात ‘यू’ हा युनिटचा संक्षेप आहे. औषधांतल्या चुकांचा अभ्यास करणारी अमेरिकेतली इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्था चुकीला निमंत्रण देणाऱ्या संक्षेपांची यादी प्रसिद्ध करते. तिच्यात सीसी आहे, आणि त्याऐवजी मिलिलिटर लिहा असे तिचे सांगणे आहे. दुसरी अडचण जास्त गंभीर, ती इन्शुलिनची. आपल्याकडे इन्शुलिन दोन तीव्रतांत मिळते. एका प्रकारात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, दुसऱ्यात १००. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या: चाळीसची लाल टोपीची, शंभरची नारिंगी टोपीची. आता कोणी तोंडी सांगितले, ‘आईला अर्धा सीसी द्या’, तर पहिल्या बाटलीतून २० युनिट जातील आणि दुसऱ्या बाटलीतून ५०. मात्रा अडीच पट. इथे सीसीचे पूर्णरूप सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक आहे, दोघांच्या मनात अर्थही एकच आहे, तरी रुग्णाची रक्तशर्करा जीवघेणी खाली जाऊ शकते. कारण ज्यात मोजायचे ते एककच चुकले. इन्शुलिनची मात्रा घरात बोलताना, डॉक्टरांना विचारताना आणि डायरीत लिहिताना युनिटमध्येच मांडावी, ‘युनिट’ हा शब्द पुरा लिहावा, आणि बाटली बदलली की सिरिंजची टोपी तपासावी. लहान मुलांच्या पातळ औषधाबाबत कंपाउंडरने ‘अडीच सीसी’ म्हटले तर झाकणावरची अडीच मिलिलिटरची रेघ धरावी. तिथे दोन्ही एकच.

बँकेत हीच अक्षरे ‘कॅश क्रेडिट’ होतात. व्यापारी किंवा कारखानदार आपल्या दुकानातला माल आणि येणे असलेली उधारी तारण ठेवतो, बँक एक मर्यादा ठरवून देते, आणि त्या मर्यादेत तो हवे तेव्हा पैसे काढतो, भरतो. व्याज वापरलेल्या रकमेवरच लागते. मंजूर मर्यादा २० लाखांची असली तरी प्रत्यक्षात किती काढता येतील हे दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघणाऱ्या ड्रॉइंग पॉवरवर ठरते, आणि खाते त्या रेषेच्या वर सलग ९० दिवस राहिले किंवा ९० दिवसांत त्यात काही जमाच झाले नाही, तर ते अनियमित धरले जाते. हे सगळे व्यापाऱ्याला माहीत असते. माहीत नसते ते त्याच्या जामीनदाराला. ‘माझ्या सीसीला तुझी एक सही लागते’ असे मित्र म्हणतो, आणि सही करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गृहकर्जासारखे हप्त्याहप्त्याने कमी होत जाणारे कर्ज असते. कॅश क्रेडिट तसे कमी होत संपत नाही. आज पूर्ण भरले, उद्या पुन्हा काढले, वर्षअखेरीला नूतनीकरण झाले, पुढचे वर्ष सुरू. अशा खात्याला दिलेली हमी १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १२९ ची ‘चालू हमी’ ठरते, म्हणजे ती एका व्यवहारापुरती नसून व्यवहारांच्या मालिकेला लागू असते. कलम १३० नुसार पुढच्या व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन मागे घेता येते, पण आधी झालेल्या व्यवहारांची जबाबदारी राहतेच, आणि बँकेचा हमीपत्राचा नमुना काय म्हणतो तेही बघावे लागते. मित्राला नाही म्हणायचे की हो, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मर्यादेचा आकडा आणि हमी कधीपर्यंतची, हे दोन्ही वाचल्याशिवाय मात्र सही करू नये.

बाकीचे काही अर्थ झटकन उरकता येतात. ईमेलच्या सीसीत नाव असेल तर ते पत्र तुमच्या माहितीसाठी आहे, कारवाई मुख्य नावाने करायची आहे. सरकारी पत्राखाली ‘प्रत माहितीस्तव’ लिहितात तेच हे. दिवाळी अंकासाठी किंवा शाळेच्या स्मरणिकेसाठी इंटरनेटवरून छायाचित्र घेणाऱ्यांनी क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी नीट वाचावा. तो परवाना आहे, मोकळे रान नाही: बहुतेक प्रकारांत निर्मात्याचे नाव देणे बंधनकारक असते, आणि काहींत व्यावसायिक वापराला मनाई असते. जाहिराती घेणारा, विकला जाणारा अंक हा व्यावसायिक वापर मानला जाऊ शकतो, हे संपादकांनी ध्यानात ठेवलेले बरे. न्यायालयांत तर एक गंमतच आहे. सीसीच्या आधी एक अक्षर लागले की महाराष्ट्रातल्या फौजदारी न्यायालयात आरसीसी म्हणजे नियमित फौजदारी खटला, आणि तोच आरसीसी इमारतीच्या स्लॅबमध्ये लोखंड-सिमेंटचा. एखाद्या बिल्डरच्या वाट्याला दोन्ही येतात.

आता मुख्य मुद्दा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे रेराच्या, दुसऱ्या कलमात व्याख्या दिलेल्या आहेत. त्यात इंग्रजी वर्णक्रमाने ‘कमेन्समेंट सर्टिफिकेट’ येते आणि मधल्या तीनच व्याख्या ओलांडल्या की ‘कम्प्लीशन सर्टिफिकेट’. पहिल्याने बांधकाम सुरू करायला परवानगी मिळते. दुसरे सांगते की मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम पुरे झाले. एक व्यवहाराच्या आरंभाला, दुसरे शेवटाला, मध्ये कित्येकदा चार-पाच वर्षे. आद्याक्षरे मात्र तीच. मराठीत ‘बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र’ आणि ‘पूर्णत्वाचा दाखला’ असे म्हटले तर गोंधळायला जागाच नाही. पण विक्री कार्यालयातला मुलगा हसत सांगतो, ‘सर, सीसी आलेली आहे’, आणि घर शोधून थकलेल्या जोडप्याला त्यातला सोयीचा अर्थ ऐकू येतो. विक्रेता खोटे बोललेला नसतो. मुंबईत या टप्प्यावर सहसा ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, विचारतात आणि सीसी म्हटले की प्रारंभच समजतात, तर पुण्यात ‘कम्प्लीशन झाले का?’ असा सरळ पूर्ण शब्दच वापरतात. गावोगावची ही रीत ठाऊक असणाऱ्याची पंचाईत होत नाही. एका शहरातून दुसऱ्या शहरात घर घेणाऱ्याची, किंवा परदेशातून फोनवर व्यवहार करणाऱ्याची होते.

प्रारंभाचा कागद आहे एवढे कळूनही पुरत नाही, कारण तोही टप्प्याटप्प्याने मिळतो. मुंबईत आधी जोत्यापर्यंतची परवानगी देतात; जोते मंजूर आराखड्याप्रमाणे झाल्याचे तपासले की पुढच्या मजल्यांची. म्हणून या प्रमाणपत्रात बांधकाम कुठपर्यंत करता येईल ते लिहिलेले असते, आणि तुमचा फ्लॅट अठराव्या मजल्यावर असताना परवानगी दहाव्यापर्यंतच असेल, तर ‘सीसी आहे’ हे वाक्य खरे असूनही तुमच्या घराला ते लागू नाही. या परवानगीला मुदतही असते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे ती एक वर्षाची, आणि वर्षावर्षाने वाढवता येते, पण ही वाढ तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. तारीख वाचायची ती यासाठी. (मुंबईत याच्याही आधी जी मंजुरी मिळते तिचे नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’. नावात नामंजुरी, अर्थ अटींसह मंजुरी. तिचे पूर्णरूप घोकून कोणाला काय कळणार?)

दोन सीसींतला फरक थेट खिशाला लागतो. बांधकाम चालू असताना घर घेतले तर सर्वसाधारण फ्लॅटवर ५ टक्के आणि परवडणाऱ्या गटातल्या घरावर १ टक्का जीएसटी भरावा लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतरच सगळी रक्कम दिली असेल तर तो लागत नाही. ८० लाखांच्या फ्लॅटवर हा फरक ४ लाखांचा. शिवाय ताब्याचा प्रश्न. मोफा नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६३ च्या राज्याच्या कायद्यात, जिथे पूर्णत्वाचा दाखला आवश्यक आहे तिथे तो मिळण्याआधी बिल्डरने ताबा देऊ नये आणि घेणाऱ्यानेही घेऊ नये, असे दोघांनाही बजावले आहे. ही ताकीद न पाळल्याचे टोक वरळीच्या कॅम्पा कोला संकुलाने दाखवले. तिथे पाच मजल्यांच्या परवानगीवर कितीतरी जास्त मजले उठले, भोगवटा प्रमाणपत्राविना लोक वर्षानुवर्षे राहिले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे अनधिकृत मजले पाडण्याचा आदेश कायम केला. आपल्याकडे आरंभाचे कागद आहेत, या आधारावर शेवटचा कागद नसल्याची भरपाई होत नाही.

मग संक्षेप वापरणेच बंद करावे, सगळीकडे मराठी पूर्ण शब्द सक्तीचे करावेत, असे काही जण सुचवतील. कागदावर ते व्हायलाच हवे, आणि महापालिकांचे मराठी नमुने आहेतही. पण बोलण्यात ते होणार नाही. दिवसाला पन्नास फायली हाताळणारा अभियंता प्रत्येक वेळी ‘बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र’ म्हणणार नाही, आणि त्याला तशी गरजही नाही, कारण त्याच्या समोर फाइल उघडी असते. गरज आहे ती फाइल न दिसणाऱ्या माणसाला. म्हणून बोलताना संक्षेप चालू द्यावा, पण टोकन, करारनामा किंवा मेलवरचे आश्वासन यांत पूर्ण नाव लिहून घ्यावे. इंटरनेटवर शोधले की झाले, असेही म्हणता येईल. शोधून अर्थांची लांबच लांब यादी मिळेल; समोरच्या माणसाला त्यातला कोणता अभिप्रेत आहे, हे त्या यादीत नसते. ते त्यालाच विचारावे लागते. विचारले तर अडाणी दिसू, हा संकोच मात्र खरा आहे आणि शिकलेल्या माणसाला तो जास्त असतो. ‘सीसी म्हणजे काय?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणती सीसी, कुठल्या मजल्यापर्यंतची, कोणत्या तारखेची?’ असे विचारावे. हा जाणकाराचा प्रश्न वाटतो, आणि उत्तर टाळायलाही कठीण जाते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: अर्थ बरोबर कळला, कागद मागून वाचला, आणि कागदच बनावट निघाला तर? कल्याण-डोंबिवलीत नेमके हेच घडले. महापालिकेच्या नावाने बनावट परवानग्या तयार करून त्यांच्या जोरावर महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती उघडकीस आल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घरे घेणाऱ्यांना सीसी म्हणजे काय ते माहीत नव्हते असे नाही. नोंदणी आहे म्हणजे सगळे ठीक आहे, असे त्यांनी धरले. अक्षरे लिहिणारा कोण, हा सुरुवातीचा प्रश्न इथे पूर्ण ताकदीने उभा राहतो. कागदावर नाव महापालिकेचे असेल, तर तो महापालिकेने दिला का, हे महापालिकाच सांगू शकते. तेव्हा महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बिल्डरने चढवलेले प्रमाणपत्र उतरवून घ्या. ते पाहायला शुल्क लागत नाही. त्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन किंवा माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तो क्रमांक त्यांच्या नोंदवहीत आहे का ते विचारा. उत्तर येईपर्यंत टोकनचा चेक देऊ नका.